गाडीतली बाज, नाणेघाटाच्या पायथ्याशी

शुक्रवारची संध्याकाळ, साडेसहा. क्युबिकलमधल्या अर्ध्या स्क्रीन्सवर एक्सेल आणि उरलेल्या अर्ध्यांवर सह्याद्रीचा नकाशा. वीकेण्डला कुठेतरी जायचंच हे सोमवारीच ठरलेलं असतं. गाडी कुठवर जाईल, ट्रेक कोणता, नाश्ता कुठे, सगळ्यावर भरपूर ईमेल होऊन जातात. अडतं एकाच प्रश्नावर. झोपायचं कुठे?

रिसॉर्टचं बुकिंग लाँग वीकेण्डला मिळत नाही. तंबू लावायचा तर अंधारात पोचून खुंट्या ठोकत बसा. तिसरा पर्याय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पहाटे तीनला उठायचं, अर्ध्या झोपेत घाटरस्ता गाठायचा, दिवसभर डोंगर चढायचा आणि संध्याकाळी पेंगत स्टिअरिंग धरायचं. ही तिसरी पद्धत मला सगळ्यात धोक्याची वाटते. ट्रेकमध्ये पाय घसरतो तो एखाद्याचा, परतीच्या ड्राइव्हमध्ये डोळा लागतो तो चार जणांचा जीव घेऊन.

म्हणून गाडीतच झोपायचं. आणि नीट झोपायचं, सीट मागे पाडून मान वाकडी करून नव्हे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे फोर-बाय-फोर गाड्यांचं पेव फुटलंय. २०२० साली नवी थार आली, २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदम डोंगर चढायला निघाल्यासारख्या गाड्या दिसू लागल्या. यातली गंमत म्हणजे तीन दारांची थार आणि पाच दारांची जिम्नी या दोघींचीही लांबी ३,९८५ मिलिमीटर आहे. चार मीटरला फक्त पंधरा मिलिमीटर कमी! त्यातून इंजिन, डॅशबोर्ड आणि पुढच्या सीटा वजा करा. उरतं त्यात सहा फुटी माणूस आडवा कसा करायचा, हा खरा इंजिनिअरिंगचा पेपर.

इंटरनेटवरचे व्हिडिओ बघितलेत तर उत्तर एकच दिसेल: प्लायवूड. मागे खण असलेली भलीमोठी पेटी, तिच्यावर फळी, फळीवर जाड गादी. ऑस्ट्रेलियात महिना-महिना वाळवंटात हिंडणाऱ्यांना ते ठीक आहे. आपण वाळवंटात जात नाही, मुरबाडला जातो. तेही दीड दिवस. सोमवारी सकाळी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं आणि मंगळवारी ऑफिसचे तिघे कार-पूलला बसणार असतात. कायमची पेटी बसवली की गाडी एका माणसाच्या हौसेची होते आणि घरचे हळूच दुसऱ्या गाडीचा विषय काढायला लागतात.

वजनाचं गणितही बघा. १८ मिलिमीटर जाडीचा सहा बाय चार फुटी प्लाय एकटाच पंचवीस किलोच्या आसपास भरतो. खाली पेटी, सरकते खण, बिजागऱ्या, वर गादी धरली तर पन्नाशी सहज ओलांडते. म्हणजे एक सडपातळ मित्र कायम डिकीत बसवून हिंडायचं, आणि तो पेट्रोलचे पैसेही देणार नाही. छोट्या गाडीत चार माणसं आणि सामान बसलं की मान्य वजनाची मर्यादा आपल्याला वाटते त्याहून लवकर येते. खडबडीत रस्त्यावर मागे एवढं वजन असेल तर स्प्रिंग आणि ब्रेक दोघंही कुरकुरतात.

आजीकडे उत्तर होतंच

हलका, हवेशीर, कमी सामानात होणारा आणि पाठीला सुख देणारा पलंग आपल्याकडे केव्हापासून आहे. बाज! गावाकडच्या अंगणात उभी करून ठेवलेली, रात्री एका हाताने उचलून चांदण्यात टाकायची ती. सुतळीची नको असेल तर नवारीची. लाकडी चौकटीवर पट्टी उभी-आडवी विणली की झाला पलंग. फळी लागत नाही, जाड गादी लागत नाही. वजन वाहतो तो ताण.

चौकट लाकडाऐवजी ॲल्युमिनियमची केली की हीच बाज गाडीत शिरते. मी करून घेतलेला पलंग असा आहे. लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट, एका माणसासाठी. २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा. खिडक्या बनवणाऱ्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे असतो. दुकानात जाऊन फक्त ‘पंचवीसचा स्क्वेअर, दोन एमएम’ म्हणा. दीड मिलिमीटरचा स्वस्त पडतो आणि दुकानदार तोच पुढे करतो, पण नवार ताणली की ती दोन्ही बाजूंच्या दांड्यांना आत खेचते, त्यामुळे दोनचाच घ्या. पाय धरून साधारण सव्वाआठ मीटर पाइप लागतो आणि त्याचं वजन चार किलो. नवार आणि नट-बोल्ट धरून पलंग होतो सहा किलोच्या आसपास. दोघांसाठी दोन केले तरी बारा. प्लायवूडवाला मित्र डिकीतून उतरला म्हणायचा.

पलंग एकसंध करायचा नाही, दोन तुकड्यांत करायचा. पण समान तुकडे नकोत. मधोमध जोड आला की तो नेमका कमरेखाली येतो आणि रात्रभर आठवण करून देतो. म्हणून एक तुकडा ११० सेंटिमीटर, दुसरा ७३. डोकं, पाठ, कंबर मोठ्या तुकड्यावर आणि जोड मांड्यांखाली. मोठ्या तुकड्याला मध्ये एक जादा आडवी दांडी. जोडासाठी पंचवीसच्या पाइपात घट्ट सरकेल असा आतला पाइप आणि हाताने फिरवायचा पंखाचा नट. पाना लागत नाही, कारण पाना नेहमी घरीच राहतो.

पाय सहा. त्यांची उंची ही ज्याची-त्याची गाडी ठरवते. मागची सीट दुमडली की तिच्या पाठीची पातळी आणि डिकीच्या तळाची पातळी सारखी नसते. टेप घेऊन बसा, सहाही ठिकाणची उंची वेगवेगळी मोजा आणि कागदावर गाडीचं चित्र काढून त्यावर आकडे लिहा. माझ्या गाडीचे आकडे तुम्हाला उपयोगाचे नाहीत, म्हणून देत नाही. पायांच्या टोकांना काय लावायचं? औषधांच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या काठीला लावायचं रबरी बूच मिळतं. ते. घसरत नाही, वाजत नाही, सीट फाडत नाही. पाइप कापल्यावर कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर पहिल्याच रात्री नवार आणि दुसऱ्या रात्री तुम्ही.

नवार सुती की पॉलिस्टर यावर माझं मत पक्कं आहे. सुती अंगाला छान लागते, पण दव आणि घामाने ओली होते आणि वापराने सैल पडते. गाडीत पॉलिस्टर. मात्र विणून घेताना बाजेची एक युक्ती सोडू नका. बाजेच्या पायथ्याशी विणीला ताण देणारी वेगळी दोरी असते. झोळ पडला की तेवढीच ओढायची, अख्खी बाज उसवावी लागत नाही. गाडीतल्या पलंगालाही पायाकडे अशी एक दोरी ठेवा. विणून देणारी माणसं शहरात कमी झालीत, पण जुन्या फर्निचरच्या बाजारात दोन-चार ठिकाणी ‘नवार विणणारे कोण?’ विचारलं की कुणीतरी नाव सांगतंच. सगळ्याचा खर्च घाटमाथ्यावरच्या एखाद्या बऱ्या रिसॉर्टच्या एका रात्रीच्या बिलात बसतो.

आता पलंग कुठे मांडायचा? डाव्या बाजूला. पुढची डावी सीट पुढे सरकवून तिची पाठ पुढे झुकवायची, तिच्यामागची सीट दुमडायची आणि डिकीच्या दारापर्यंत पलंग न्यायचा. गाडी आखूड असेल तर पायाकडचा तुकडा पुढच्या सीटवर टेकेल असा करावा लागतो. ड्रायव्हरची सीट मात्र मोकळी राहिली पाहिजे. रात्री दोनला कुणी काच ठोठावली, सोबतच्याचं पोट दुखायला लागलं किंवा नुसतं मनाला पटेना, तर चावी फिरवून निघता आलं पाहिजे. दोघं असाल आणि दोन्ही पलंग मांडले, तर उजवा पलंग एका मिनिटात दुमडता येतो ना, हे घरी अंधारात करून बघा.

आणि गाडीला एकही भोक पाडायचं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे ठणकावून सांगितलंय. सीट उपटून कायमचा पलंग ठोकणं हा त्यातला प्रकार. आपला सहा किलोचा पलंग म्हणजे छत्री किंवा क्रिकेटची किट-बॅग. सामान. पण सामान म्हटलं की ते बांधायलाही हवं. चालत्या गाडीत मोकळी असलेली ॲल्युमिनियमची चौकट ब्रेक लागल्यावर काय करेल याची कल्पना करा आणि कडी असलेल्या पट्ट्याने ती करकचून आवळा. चालत्या गाडीत पलंग मांडून कुणी झोपायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण ‘मी मागे जरा पडतो रे’ म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो.

नावात वैशाख, जायचं मार्गशीर्षात

पलंग तयार झाला की पहिल्या रात्रीसाठी लांब जाऊ नका. वैशाखऱ्याला जा.

कल्याणहून निघालात की शहाड, रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल, मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि मग वैशाखरे. साठेक किलोमीटर. हा माळशेज घाटाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१, जुन्या भटक्यांच्या तोंडी अजूनही २२२. मुरबाडपर्यंत गॅरेज, ढाबे, प्लॉटच्या जाहिराती. टोकावड्यानंतर डोंगर एकदम अंगावर येतात. समोर सह्याद्रीची भिंत, तिच्यात नाण्याचा अंगठा, मागे जीवधन, आणि पुढे मोरोशीचा भैरवगड, सुरीसारखा उभा. दिवसा इथून सुसाट जाणाऱ्या गाड्यांना माळशेजचा धबधबा गाठायचा असतो, त्यामुळे वैशाखऱ्याला सहसा कुणी थांबत नाही.

पावसाळ्यात हा बेत करू नका. दरडी, निसरडा घाट, धबधब्यांवर प्रशासनाचे मनाईहुकूम आणि रात्रभर बंद काचांमध्ये उकडून निघणं. मे महिन्यात रात्रीही भट्टी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस्स.

पोचायचं दिवस असताना. रात्री दहाला हेडलाइट मारत कुणाच्या गावात शिरणं बरं नव्हे. आणि दुसरं कारण असं की नोव्हेंबरात इथली खाचरं रिकामी दिसतात, पण रिकामी असतातच असं नाही. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा टाकलेला असतो. कोंब आलेला नसेल तर शहरी डोळ्याला ते मोकळं मैदान वाटतं.

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून एका घरासमोर विचारलं, ‘काका, रात्रीपुरती गाडी इथं लावली तर चालेल का? आम्ही गाडीतच झोपणार आहोत.’

काकांनी आधी गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. ‘गाडीत? का बरं? घरात जागा हाय की.’

पलंग दाखवल्यावर मात्र त्यांनी नवारीवर तळहात दाबून बघितला. ‘बाजच केली म्हना की.’ मग हात करून म्हणाले, ‘तिकडं झाडाखाली लावा. इकडं वाल टाकलाय.’

फोर-बाय-फोर आहे म्हणून बांधावरून गाडी चढवणाऱ्यांबद्दल काकांचं मत काय आहे, ते इथे छापता येणार नाही. बांध म्हणजे दोन शेतांमधली हद्द आणि पाणी अडवायची भिंत. लो-रेंज गिअर त्यासाठी नसतो. विचारून जागा घ्या, जेवण त्याच घरी सांगा, पैसे आपणहून द्या. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वर कांदा. ‘भाकरी गरम हाय तवर खाऊन घ्या,’ असं मावशींनी दोनदा सांगितलं, तेव्हा फोटो काढणं थांबलं.

गाडी सपाट उभी आहे का हे बघायला गवंड्याची पाणसळ नको, अर्धी भरलेली पाण्याची बाटली डॅशबोर्डवर आडवी ठेवा. थोडा उतार असेल तर डोकं चढाच्या बाजूला. हँडब्रेक आणि पहिला गिअर. पलंग मांडायला सरावानंतर पाच मिनिटं लागतात. त्यावर कॅरीमॅट टाका, आणि ती फक्त मऊपणासाठी नाही. नवारीखालून हवा खेळते. उन्हाळ्यात ती मजा आहे, डिसेंबरात तीच हवा पाठ गारठवते. वरून कितीही पांघरलं तरी खालून थंडी लागते.

आता एक गोष्ट हसण्यावारी न नेता वाचा. एसी किंवा हीटरसाठी इंजिन चालू ठेवून कधीही झोपायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, जाग येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या केलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृत सापडले, आणि तपासात जनरेटरमधून आत शिरलेला हाच वायू कारण ठरला. गाडीत शेगडी नको, कोळसा नको, डास पळवायची कॉइलसुद्धा नको. समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवा आणि त्यावर बाहेरून जाळी लावा. छोटी लोहचुंबकं शिवलेली मच्छरदाणीची पट्टी दाराच्या पत्र्याला झकास चिकटते. काचा उघड्या ठेवण्याचा दुसरा फायदा सकाळी कळतो. बंद गाडीत दोन माणसांच्या श्वासाने काचा आतून इतक्या ओल्या होतात की उशीवर थेंब पडतात.

रात्र अगदी शांत असेल अशी अपेक्षा ठेवू नका. महामार्ग जवळ आहे. जुन्नर, ओतूर, आळेफाट्याकडची भाजी घाट उतरून शहराकडे निघालेली असते आणि ट्रकांचे ब्रेक दरीत घुमतात. ज्यांना पूर्ण शांतता हवी त्यांनी इअरप्लग घ्यावेत. मला तो आवाज आवडतो. कारण वरच्या काळ्या भिंतीत, जिथे नाणेघाटाची खिंड आहे, तिथूनही माल असाच उतरत असे. दोन हजार वर्षांपूर्वी, बैलांच्या पाठीवरून, जुन्नरकडून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे. तेव्हाच्या प्रवाशांनाही झोपायचं कुठे हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर वर खडकात कोरलेलं आहे.

ते बघायला सकाळी निघायचं. ट्रेकची वाट वैशाखऱ्याच्या थोडं पुढे, माळशेजच्या बाजूला, महामार्गावरूनच फुटते. पहाटे ठाण्याहून पळत येणारे ग्रुप पोचेपर्यंत तुम्ही अर्धा डोंगर चढलेले असता. शिवाय भिंत पूर्वेला असल्यामुळे या बाजूला ऊन उशिरा पोचतं, म्हणजे लवकर निघणाऱ्याला जवळजवळ अख्खी चढण सावलीत मिळते. आरामात तीन तास. शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि मग ती गुहा.

गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. यज्ञांची नावं, दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, नाणी आणि त्यांचे आकडे. भारतातले अंक लिहिलेले दिसणाऱ्या सगळ्यात जुन्या जागांपैकी ही एक, त्यामुळे एक्सेलवाल्यांनी इथे दोन मिनिटं उभं राहायलाच हवं. पण लेख वाचून झाला की खाली बघा. भिंतींना लागून कातळातच कोरलेला बाक आहे. घाट चढून आलेल्या माणसाने पाठ टेकावी म्हणून. फिट-आउट कायमचं, वजन अमर्याद, आणि गादी मात्र ज्याची त्याने आणायची. खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. टोलनाक्यावर आपण हॉर्न वाजवतो, तेव्हा काय वाजवत असतील कोण जाणे.

जुन्नरच्या बाजूने घाटघरमार्गे थेट वरपर्यंत गाडी येते, हेही माहीत असू द्या. आई-बाबांना लेख दाखवायचा असेल तर तो रस्ता. मात्र तिथे मुक्काम टाकण्यापेक्षा मला खालचं वैशाखरे पसंत आहे. वर वारा गाडी हलवतो, आणि खाली सकाळी आयता चहा मिळतो.

परत आल्यावर पलंग काढायला घाई करू नका. नवार अर्धा तास उन्हात ठेवा, दव सुकू द्या. ओली नवार दुमडून ठेवली की आठवड्याभरात कुबट वास येतो आणि मग गाडीच नाही, बेडरूमही वास मारते. कारण हा पलंग घरी राहतो तो तुमच्या पलंगाखाली, ११० बाय ६० सेंटिमीटरच्या जागेत, जुन्या सूटकेसच्या शेजारी. लिफ्टमधून एका हाताने वर नेताना वॉचमन विचारतो, ‘सर, नवीन खिडकी का?’ हो म्हणा. सोपं पडतं.

पांघरायचं मात्र अजून राहिलं. स्लीपिंग बॅग चांगल्याच, पण त्या खाली टाकायला उपयोगाच्या नाहीत. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा इथे म्हसोबाची जत्रा भरते. जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध, आणि तितकीच घोंगड्यांसाठी. दोन घ्या, एक अंगावर, एक नवारीवर. भाव करताना हात लावून बघा. चांगली घोंगडी टोचते.